दिवे गेलेला डबा

मित्रांनो, हल्ली ज्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, असा मी दुसऱ्या वर्गाचा एक जुना रेल्वेडबा आहे. बसायला लाकडी फळ्यांचे बाक, खिडक्यांना आडवे गज, आणि दार ओढलं की अंगभर धडधड. जन्म मद्रासकडच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते मुंबईहून नाशिकरोड, मनमाड करत थेट उत्तरेपर्यंत धावण्यात. तरुणपणी माझा विटकरी रंग असा झळकायचा की फलाटावरची मुलं मला हात लावून बघायची. वणीच्या देवीला निघालेली माणसं, मालेगावच्या कापडाचे गठ्ठे, द्राक्षांच्या पेट्या, सगळं मी आनंदानं वाहिलं.

मग एके वर्षी माझ्या विटकरी अंगावर निळा रंग चढवला. लोक म्हणाले, डबा नवा झाला. मला मात्र शंका आली. आतल्या फुटक्या फळ्या तशाच ठेवून बाहेरून रंग देणाऱ्याचा हेतू मला काही सरळ वाटेना. पुढे गादीचे बाक असलेले नवे डबे आले आणि मला सरकवत सरकवत गाडीच्या शेपटाला नेलं. पंखे बंद पडले. दिवेही गेले. एकदा दुरुस्तीला आलेला एक कामगार दिव्यांकडे बघून म्हणाला, "जाऊ दे, आता याचं किती दिवस करायचं?" तेव्हापासून चाकांवर हातोडी ठोकत जाणाऱ्या माणसाकडेही मी संशयानं बघू लागलो.

त्याच काळातली ही गोष्ट. नाशिक जिल्ह्यात तेव्हा आवई उठली होती, की पोरं पळवणारी टोळी फिरतेय. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं, पण जो तो दुसऱ्याच्या पिशवीकडे बघत होता.

त्या दुपारी नाशिकरोडला देवराम चढला. पेठकडच्या डोंगरातला म्हातारा. पाय अनवाणी, धोतर फाटकं, खांद्यावर घोंगडी. हाताला धरलेल्या लहान मुलीच्या अंगात मात्र झगझगीत नवा फ्रॉक. पोरगी रडत होती. "घरी जायचं," एवढंच म्हणत होती.

समोरच्या बाकावर सुमनबाई होत्या. वणीची देवी करून त्या मुंबईला परत निघाल्या होत्या. त्यांनी आधी फ्रॉक पाहिला, मग म्हाताऱ्याचे पाय पाहिले.

"बाबा, ही कोण तुमची?"

"नात हाय माझी. मंजी."

"मग रडते का एवढी?"

"गाव सोडून कधी आली नाय. तिच्या आयकडं नेतो. कल्यानच्या पल्याड, ईटभट्टीवर हाय ती."

"कुठल्या भट्टीवर?"

देवराम गोंधळला. "नाव नाय ठावं. मालकाचा मानूस येनार हाय ठेसनावर."

नाशिकचा दत्तू नावाचा दांडगा तरुण वरच्या फळीवरून खाली उतरला. "मालकाचा माणूस? म्हणजे पोरगी विकायला चाललाय हा!"

सुमनबाईंनी मंजीची हनुवटी वर केली. "हा कोण गं तुझा? आईचं नाव काय?" इतक्या अनोळखी तोंडांपुढे मंजीची वाचाच बसली. ती बोलेना, म्हणून लोकांचा संशय पक्का झाला.

"तिच्या आयनं धाडलाय तो झगा," देवराम हात जोडून सांगत होता. त्याचं ऐकायला आता कुणी तयार नव्हतं. एकानं त्याची घोंगडी झटकून पाहिली. आत नागलीची भाकर होती, ती खाली पडली. कुणीच ती उचलली नाही.

इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत गाडी थांबली. दोघंजण पोलीस शोधायला गेले आणि हात हलवत परत आले. मग ठरलं, कल्याणला याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. सुमनबाईंनी मंजीला पार पलीकडच्या टोकाला नेऊन मांडीवर बसवलं. इकडच्या दाराजवळ दत्तूनं आणि आणखी एकानं देवरामचे दोन्ही दंड धरले. म्हातारा झटापट करत नव्हता. मान वळवून फक्त त्या टोकाकडे बघत होता.

गाडी सुटली आणि बोगदा आला. माझे दिवे गेलेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. त्या अंधारात सुमनबाई किंचाळल्या, "पोरगी! पोरगी सुटली हातातून!"

"धरा त्याला! दार लावा!" एकच गलका झाला. म्हाताऱ्यानं तिला ओढली असणार, बाहेर फेकली असणार, जो तो ओरडत होता. आणि माझ्या फळ्यांवरून, माणसांच्या पायांमधून, दोन इवलेसे पाय धावत गेलेले मला कळत होते. पण मला कुठं बोलता येतं?

बोगदा संपला. उजेड आत आला.

देवरामचे दोन्ही दंड दत्तूनं आणि त्याच्या जोडीदारानं तसेच घट्ट धरलेले होते. आणि मंजी त्याच्या कमरेला मिठी मारून, धोतरात तोंड खुपसून उभी होती. "आजा," ती हुंदके देत म्हणाली, "आजा, मला सोडू नको."

दत्तूचा हात आपोआप सुटला.

सुमनबाई उठल्या, आपल्या खिडकीजवळची जागा दाखवून म्हणाल्या, "बाबा, इथं बसा. चुकलं आमचं."

"नको, बाय. उभाच बरा हाय," देवराम म्हणाला. त्यानं भाकर उचलली, फुंकर मारून घोंगडीत ठेवली आणि नातीला घेऊन तो कल्याणपर्यंत दाराशीच उभा राहिला. सुमनबाईंनी देवीच्या प्रसादाचा पेढा पुढे केला. मंजीनं तो घेतला नाही. ती आजाच्या मागे सरकली.

कल्याणच्या फलाटावर भट्टीच्या लाल धुळीनं माखलेली एक बाई मालकाच्या माणसाला मागे टाकून धावत आली. मंजीला उचलून तिनं त्या झग्यातच तोंड खुपसलं. सुमनबाई गजांतून बघत राहिल्या.

त्यानंतर मी फार दिवस लांबच्या गाडीला राहिलो नाही. आता मला रुळांच्या एका कडेला उभं केलंय. चाकांभोवती गवत वाढलंय. परवा दोन माणसं आली, माझ्याकडे बाहेरूनच बघितलं आणि दारावर खडूनं मोठी फुली मारून गेली. ती मोडीत काढायची खूण असावी, असा मला संशय आहे, आणि तो बहुधा खराच आहे.

माझं वय झालं, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, कुणावरही फुली मारण्याआधी घडीभर त्याच्याजवळ जाऊन बसत जा.