कुंकू लागलेलं पाकीट

माझा भाऊ सुहास काम असल्याशिवाय मला फोन करत नाही. कधी त्याला माझी सही हवी असते, कधी माझ्या हातचं लिंबाचं लोणचं. या वेळी अक्षर हवं होतं. त्याच्या मुलाचं, धवलचं लग्न ठरलं होतं आणि सुहासच्या बायकोला, प्रणिताला, कुठल्याशा रीलमधून साक्षात्कार झाला होता की पत्रिकेच्या पाकिटांवर छापील स्टिकर लावणं आता गावंढळ समजतात. मोठ्या घरांत पाकिटं हातानं लिहितात. ज्या बाईनं माझ्या अक्षराला आजवर ‘मास्तरणीचं’ म्हणून नाक मुरडलं, तिला ते एकाएकी राजेशाही वाटू लागलं.

मी नाहीच म्हणणार होते. पण फोन ठेवता ठेवता सुहास म्हणाला, “आणि मोनिकाचंही बघू या आपण. तू ये तर खरी, ताई.”

मोनिका माझी मुलगी. हारिसशी लग्न केल्यापासून मामाच्या घराचं दार तिला बंद आहे. मला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणते. पण धवल आणि ती एका ताटात जेवून वाढली, आणि त्याचं लग्न ठरल्याचं मी सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, “हळद कधी आहे गं?” आपल्याला बोलावणार नाहीत हे पोरगी क्षणभर विसरली होती. त्या एका प्रश्नापायी मी माझा तिरक्या निबचा पेन पिशवीत टाकला आणि भिंगारहून रिक्षानं सावेडीला गेले. ज्यांचं तोंड बघू नये असं वाटतं, त्यांच्याच दारी आशेनं जायचं. स्वतःची इतकी चीड मला क्वचितच आली असेल.

सुहासच्या बंगल्यातली फरशी अशी गुळगुळीत आहे की पाहुणा आधी घसरतो आणि मग बसतो. टेबलावर पत्रिकांचे ढीग होते. मखमली पत्रिका, उघडली की आत आणखी एक उघडायची. आशीर्वाद देणाऱ्या पुढाऱ्यांची नावं एवढी दाटीवाटीनं बसली होती की नवरा-नवरी त्यांच्या पायाशी कुठंतरी सापडत.

प्रणिता मोबाईलमधून नावं सांगू लागली आणि मी लिहू लागले. पाकीट लिहिणाऱ्याला यजमानाचं मन चांगलं कळतं. ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हणजे चूल बंद ठेवा आणि सगळे या. नुसतं ‘श्री.’ म्हणजे एकट्यानं या, जेवा आणि निघा.

“राजूरचे नारायणदादा. त्यांना नुसतं ‘श्री.’ लिहा हं, ताई.”

“सख्खा चुलतभाऊ आहे आमचा.”

“हो, पण ते जीप भरून येतात. आणि फोटोत कसं दिसतं ते!”

याच नारायणनं सुहासच्या लग्नात पंगतीला वाढून वाढून पाठ मोडून घेतली होती. जामखेडच्या मावशीचं पाकीट टपालानं जाणार होतं. घरात काम करणाऱ्या भागूबाईला पाकीटच नव्हतं, कारण “ती येणारच आहे ना भांड्यांना.” मग प्रणिताचा आवाज एकदम साखरेत घोळला.

“फक्रुद्दीनशेठ. सहकुटुंब सहपरिवार! जरा मोठ्या अक्षरात घ्या. त्यांना अक्षत द्यायला आम्ही दोघं जाणार आहोत.”

फक्रुद्दीनशेठ केडगावच्या साइटवर सुहासचे भागीदार. माणूस सज्जन आहे. त्यांचं नाव मी आनंदानं लिहिलं. पण धंद्यात भागीदार असला की धर्म आडवा येत नाही आणि भाचीचा नवरा असला की येतो, हा हिशेब माझ्या भावालाच जमावा.

सुहास समोर बसून पाकिटांना कुंकू लावत होता. वाटीत कालवलेलं ओलं हळदकुंकू, मोबाईल कानाखांद्याच्या मध्ये आणि बोट कोपऱ्यावर. नावाकडे बघण्याची तसदी नाही. एकदा तेच ओलं बोट कुणा सभापतींच्या नावावर फिरलं आणि सभापती लाल झाले. मी ते पाकीट केराच्या टोपलीत टाकायला घेतलं, तर प्रणितानं झडप घातली.

“ताई! कुंकू लागलंय त्याला! असं टाकायचं नसतं, शुभकार्यात विघ्न येतं.”

तिनं ते पाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी नेऊन ठेवलं. लग्नानंतर विसर्जन करायचं म्हणे. सभापतींची सोय झाली.

दुपार कलली. प्रत्येक नावाला वाटायचं, आता पुढचं मोनिकाचं. प्रणितानं पार जिमवाल्या हर्षलपर्यंत सगळी नावं सांगितली आणि मोबाईल पालथा ठेवला.

“झालं बाई! काय सुंदर दिसतंय सगळं.”

सुहासचं बोट मात्र थांबलं नव्हतं. बोलण्याच्या नादात त्यानं एका कोऱ्या पाकिटालाही कुंकू लावून टाकलं.

“अहो, कोरं होतं ते!” प्रणिता म्हणाली आणि लगेच हसली. “असू दे, ताईंचंच राहिलंय. ताई, यावर तुमचं तुम्हीच लिहून टाका ना.”

म्हणजे मला माझंच आमंत्रण द्यायचं होतं. मी ते पाकीट पुढं ओढलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“मोनिकाचं कुठंय, सुहास?”

त्यानं फोन बंद केला. “ताई, आत्ता नको तो विषय. मुलीकडचे लोक फार कर्मठ आहेत.”

“तुझ्या भागीदाराला मोठ्या अक्षरात लिहायला लावलंत, तेव्हा नव्हते का ते कर्मठ? बघू म्हणाला होतास. आता बघ.” मी पाकीट आणि पेन त्याच्यासमोर सरकवला. “याला कुंकू लागलंय, नाव घातल्याशिवाय ठेवता येणार नाही. मोनिकाचं आणि हारिसचं घाल. तुझ्या हातानं. माझ्या अक्षरातलं पाकीट तिला नको, मामाच्या अक्षरातलं हवंय.”

सुहासनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं कुंकवाकडे पाहिलं. मग त्यानं पेन घेतला. त्याचं अक्षर लहानपणापासून भयंकर आहे, ‘सौ.’ एकीकडे कलला, ‘मोनिका’ दुसरीकडे. तरी मला ते देखणं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या वेड्यावाकड्या अक्षरांसाठीच तर दिवसभर मान मोडली होती. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली.

त्यानं पेन खाली ठेवला.

“हारिसचं?”

“तिला एकटीला पाठव, ताई. हळदीला नको. लग्नाला येईल, जेवेल, जाईल. माझ्याकडून एवढंच होईल.”

एवढंच! माझ्या पोरीनं नवऱ्याला घरी ठेवून मामाच्या मांडवात चोरासारखं जेवायचं, आणि उपकार मामाचे. मी पाकीट उचललं, आतल्या मखमली पत्रिकेसकट मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

प्रणिता किंचाळली. सुहासचा चेहरा पांढराफटक पडला. फक्रुद्दीनशेठ भागीदारी मोडून गेले असते तरी इतका पडला नसता. “ताई, हे काय केलंस! धवलचं लग्न आहे!”

“धवलचं सगळं चांगलं होऊ दे,” मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. “मी मात्र येणार नाही. मला कुणी बोलावलेलंच नाही.”

पेन पिशवीत टाकून मी दाराशी चपला घालू लागले. मागं प्रणिता तुकडे गोळा करत होती. कुंकू लागलेला कागद, टाकणार कुठं? तिनं ते कपाळाला लावले, देव्हाऱ्यापाशी गेली आणि अन्नपूर्णेशेजारी नीट जुळवून ठेवले. दारातून मला नाव स्पष्ट वाचता येत होतं, ‘सौ. मोनिका’. इतकी वर्षं ज्या पोरीला या घराचा उंबरा बंद होता, तिच्या नावापुढं प्रणितानं हात जोडले आणि दिव्यात तेल घातलं.