इगतपुरीचं स्टेशन

सरस्वतीबाई नागपूरच्या शाळेत शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत त्या धामणगाव बढ्याला आल्या त्या आपल्या लहानपणच्या मैत्रिणीला, जनकाबाईंना भेटायला. दोघी धाड गावच्या, एकाच गल्लीत वाढलेल्या. पण घरात पाऊल टाकलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. जनका अशी वाळली असेल, असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

कारण त्यांना ठाऊक होतं. जनकाबाईंची एकुलती लेक विमल इगतपुरीला दिली होती. जावई किसनराव तिथे रेल्वेच्या शेडात फिटर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण जनकाबाईंचे यजमान भगवानराव म्हणाले, कापूस घरात येऊ द्या, मग जातो आणायला. कापूस घरात यायच्या आधी तार आली. भगवानराव धावतपळत गेले, तोवर सगळं आटोपलं होतं. लेकीचं एक लुगडं काखेत मारून ते परत आले. मुलगी झाली होती, ती जगली होती. "लेकरू त्याइचं हाये," एवढंच ते बोलले. पुढे जावयाने दुसरं लग्न केलं आणि येणंजाणं तुटलं. त्याला आता पाच वर्षं होत आली होती.

"जनके, चाल माह्यासंगं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "नाशिक पाहू, घाट पाहू, मुंबई पाहू. तू मलकापूरच्या पलीकडे गेली नाई कधी."

जनकाबाई नाही म्हणतील असंच सगळ्यांना वाटलं होतं. त्या लगेच हो म्हणाल्या. भगवानरावांनीही अडवलं नाही.

मलकापूरहून सकाळच्या पॅसेंजरने दोघी निघाल्या. भुसावळला केळीवाल्यांचा गलका, चाळीसगावच्या पुढे दूरवर निळी डोंगरांची रांग, मनमाडला चहा. सरस्वतीबाई वर्गातल्या मुलांना सांगावं तसं एकेक दाखवत होत्या. जनकाबाई "हाव, हाव" म्हणत मान हलवायच्या आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसायच्या.

नाशिकला धर्मशाळेत उतरल्या. सकाळी गोदेवर आंघोळ झाली. ओलं लुगडं पिळता पिळता जनकाबाई म्हणाल्या, "सरू, मले इगतपुरीले उतरायचं हाये."

सरस्वतीबाई त्यांच्याकडे वळल्या. "भाऊजींले ठाऊक हाये?"

"नाई."

"अन् थ्या लोकाइनं दारातूनच परत लावलं तं?"

"लावू दे. एकडाव पाहून येतो. नाव काय ठेवलं तिचं, थेबी मले ठाऊक नाई, सरू."

मग सरस्वतीबाईंनी वाद घातला नाही.

इगतपुरीला चांगलाच गार वारा होता. रेल्वेच्या क्वार्टरांच्या रांगा स्टेशनाच्या मागेच होत्या. विचारत विचारत त्या गेल्या तेव्हा किसनराव कामावर होता. दारातल्या नळावर एक तरुण बाई भांडी घासत होती. तिला दिवस गेलेले होते. सरस्वतीबाईंनी कुठून आलो ते सांगताच तिचा हात राखेतच थांबला. तिने आधी घरात डोकावून पाहिलं, मग पदराला हात पुसत जवळ आली आणि वाकून जनकाबाईंच्या पाया पडली. ती किसनरावची दुसरी बायको, अन्नपूर्णा.

"कधीतरी तुम्ही याल हे मला माहीत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण एक सांगते. रागावू नका. बेबीला काही ठाऊक नाही. माझ्या हातात दिली तेव्हा ती रांगतही नव्हती. मला ती आई म्हणते. तुम्ही आता सांगितलंत, तर ती माझ्याकडे कशी बघेल? तुमच्यापुढे पदर पसरते. मोठी झाली की मीच सांगेन."

जनकाबाई वाटभर सासूसारखी, सवतीसारखी एखादी कजाग बाई मनात उभी करत आल्या होत्या. तिला काय काय बोलायचं ते ठरलं होतं. समोर ही अशी उभी. भांडायलाही कोणी उरलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात पोर बाहेर आली. फ्रॉक घातलेली, तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेली, चांगली खातीपिती. कपाळ विमलचं. हनुवटीही विमलची. 

"आई, या कोण?" पोरीने विचारलं.

 अन्नपूर्णाचे डोळे जनकाबाईंवर खिळले होते.

"आमी गाडीतून उतरलो व बाई," जनकाबाई म्हणाल्या. "तान लागली होती. तुह्या आईले पाणी मांगून राह्यलो."

पोर खुदकन हसली. "आई, ही आजी कशी बोलते बघ. 'आईले' म्हणते."

रस्त्यावरच्या कुणाही बाईला म्हणावं तसं ती आजी म्हणाली होती. तिने स्वतःच तांब्या भरून आणला. जनकाबाईंनी सगळा तांब्या संपवला. मग पिशवीतून खणाचा परकर काढला. अंदाजाने शिवलेला. पोरीने तो कमरेला लावून पाहिला, तर गुडघ्यापर्यंतसुद्धा आला नाही. पाच वर्षांची पोर केवढी होते, याचाही अंदाज त्यांना राहिला नव्हता.

"असू दे," अन्नपूर्णा घाईने म्हणाली. "मी ठेवते जपून."

"बाहुलीला होईल," बेबी म्हणाली आणि परकर घेऊन आत पळाली.

"थांबा ना. जेवून जा. हे येतीलच इतक्यात," अन्नपूर्णा म्हणाली. मनापासून म्हणाली. तरीही त्यांनी निघावं असंच तिला वाटत होतं, हे जनकाबाईंना दिसत होतं. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यांनी तिला बाहेर बोलावलं नाही. फिरवला असता तर तोंडून काय निघालं असतं, याचा त्यांना भरवसा नव्हता.

पुढची गाडी मिळाली. इंजिन बदललं आणि गाडी घाट उतरू लागली. दोन्ही बाजूंना हिरवेगार कडे, खाली खोल दऱ्या, मग एकदम बोगद्याचा अंधार. डब्यातली पोरं दर बोगद्याला आरडाओरडा करत होती. सरस्वतीबाई आता काही दाखवत नव्हत्या. एका बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा जनकाबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून बसल्या होत्या.

"सांगून टाकायचं होतं, जनके," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुहा हक्क हाये."

"कोनाचं घर मोडून सांगू? तिले आई हाये ना." मग पुढचा बोगदा संपल्यावर, "विमल कोनाचीच नाई राह्यली व सरू. तिच्या पोटच्या पोरीचीबी नाई."



मुंबईत त्या सरस्वतीबाईंच्या भावाकडे उतरल्या. राणीचा बाग झाला, म्हातारीचा बूट झाला. चौपाटीवर समुद्रासमोर उभं केलं तेव्हा जनकाबाईंनी विचारलं, "आपली गाडी कई हाये?" मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून आणलं आणि होतं नव्हतं तेही हिरावून घेतलं, असं सरस्वतीबाईंना वाटलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशीची तिकिटं काढली. परतताना इगतपुरी आली तेव्हा जनकाबाई स्टेशनाकडे पाठ करून बसल्या.

मलकापूरला दोघी उतरल्या. सरस्वतीबाईंची नागपूरची गाडी पुढे होती. "पत्र टाकजो," त्या म्हणाल्या. जनकाबाईंना लिहिता येत नव्हतं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

घरी भगवानराव ओट्यावर बसले होते. "काय काय पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"गोदावरी पाह्यली. समिंदर पाह्यला. बोगदे पाह्यले."

ते मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. जनकाबाई तांदूळ निवडायला बसल्या. अडकित्ता खाली ठेवून भगवानराव म्हणाले, "इगतपुरीले थांबते काय गाडी?"

"थांबते."

"लय वेळ थांबते?"

"इंजिन बदलतेत तिथं."

आणखी काही विचारतील म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. आणखी काही सांगेल म्हणून तेही वाट पाहत राहिले. मग ते उठले आणि गोठ्याकडे गेले. जनकाबाईंच्या भरल्या डोळ्यांना सुपातला एकही खडा दिसत नव्हता. तरी त्यांची बोटं तांदळातून फिरत राहिली.