सासूबाईंचे उड्डाण

“जावईबापू, मला उडवणार आहात की पार्सल करून पाठवणार आहात?” मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारले.

जावयाने पट्टा बोटभर सैल केला, बकल उघडून पुन्हा लावले, ओढून पाहिले आणि मग हे सगळे पहिल्यापासून परत केले. पट्ट्यात काही खोट नव्हती. असती तर बरे झाले असते.

“अहो, किती तपासाल? एव्हाना आई चंद्रावर पोचली असती,” धावपट्टीच्या कडेला मोबाइल धरून उभी असलेली त्याची बायको म्हणाली. ती मैदानावर क्वचितच यायची. नवरा रविवारी सकाळी उडायला जातो आणि भूक लागली की घरी येतो, एवढे तिला पुरेसे होते. आज मात्र आईच्या उड्डाणाचा व्हिडिओ काढायचा होता.

यंत्र म्हणजे ट्राइक. तीन चाकांचा सांगाडा, एकामागे एक दोन सीटा, पाठीमागे इंजिन आणि प्रॉपेलर, डोक्यावर कापडाचा त्रिकोणी पंख. दार नाही, काच नाही, आडोसा म्हणून नाही. मागची सीट जरा उंच असते आणि मागे बसणाऱ्याचे दोन्ही गुडघे पुढच्याच्या बरगड्यांना टेकतात. ही रचना ज्याने केली त्याने सासू-जावई या नात्याचा फारसा विचार केलेला नसावा.

मैदानावर जावयाला ‘पाना’ म्हणत आणि ऑफिसात ‘पायलट’. दोन्हीकडची माणसे एकमेकांना भेटत नसत, हे त्याचे नशीब. ऑफिसचे काम लिफ्ट तपासण्याचे. इमारतीत जायचे, दोर, ब्रेक, दार बघायचे आणि ‘सुरक्षित’ म्हणून सही करायची. स्वतः तो जिन्याने जायचा. व्यायाम होतो, म्हणायचा.

पाना मात्र तो खरोखर होता. कुणाच्या इंजिनाने खोकला काढला की त्यालाच हाक जायची. “तुझं इंजिन बघितल्यापासून माझी बायको मला भांडी घासायला लावते,” असे दातांचे डॉक्टर म्हणत. डॉक्टरांचा ट्राइक शेजारच्याच शेडमध्ये असे आणि त्याला बाराही महिने चिखल लागलेला असे. पण तो रोज उडायचा. पान्याचा आरशासारखा ट्राइक वर्षभर जमिनीवर होता.

मैदानावरची रीत अशी, की दुरुस्तीला काढलेल्या यंत्राच्या प्रॉपेलरला लाल फडके बांधायचे. मग त्याला कुणी हात लावत नाही. ज्याने फडके बांधले त्यानेच सोडायचे. पान्याच्या प्रॉपेलरचे फडके उन्हाने गुलाबी झाले होते. कधी प्लग, कधी चोक, कधी पंखातली एखादी पट्टी. काहीच सापडले नाही तर वारा होताच.

झाले होते ते एवढेच. वर्षापूर्वी पेट्रोलची टाकी बाहेरून धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून त्याने झाकणावरच्या हवेच्या भोकाला चिकटपट्टी लावली, आणि काढायची विसरला. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल बाहेर येईना. झाडांच्या शेंड्यांवर जेमतेम पोचल्यावर इंजिन बंद पडले. कापणी झालेल्या एका शेतात तो उतरला. ओरखडासुद्धा नाही. मित्रांना सांगितले, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला होता. पट्टी खिशात होती.

तेव्हापासून यंत्रावरचा त्याचा विश्वास तसूभरही कमी झालेला नव्हता. मेकॅनिकवरचा गेला होता.

आज सकाळी त्याने नेहमीप्रमाणे “चोक जरा अडतोय” म्हणून पाहिले. पण समोर बायको होती, सासूबाई होत्या, आणि बायकांसमोर डॉक्टरांना फार हुशारी सुचते. त्यांनी रीत धाब्यावर बसवून फडके सोडले, ट्राइक घेऊन मैदानावर एक चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, “मशीन एकदम मक्खन आहे. मावशी, बसा निर्धास्त. याच्याइतका काळजीवाला माणूस अख्ख्या मैदानावर नाही.”

सासूबाई निर्धास्तच होत्या. सगळा जन्म त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य नर्स म्हणून काढला होता. भल्याभल्या सर्जनना त्यांनी ‘आधी हात धुवा’ म्हणून बाहेर काढले होते. दारू पिऊन वॉर्डात शिरलेल्या एका पैलवानाला कानाला धरून फाटकापर्यंत सोडल्याची गोष्ट खुद्द तो पैलवानच सांगत असे. घरात कुणाला इंजेक्शनची, कुत्र्याची, नाहीतर साहेबाची भीती वाटली की त्यांचे नाव घ्यायचे. आणि गेली दोन-तीन वर्षे त्या एकच गोष्ट मागत होत्या. “एकदा वरून बघायचंय, जावईबापू. मोठ्या विमानात बसले होते, पण तिथे खिडकीपाशी दुसऱ्याचंच डोकं होतं.” आज नवऱ्याची जुनी पँट कमरेला पट्टा आवळून त्या आल्या होत्या.

इंजिन सुरू झाले. पाना ट्राइक हळूहळू धावपट्टीच्या पार टोकाला घेऊन गेला आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. पुढे मोकळे गवत, त्यापलीकडे झाडे. आता उजवा पाय दाबायचा, बस. पाय दाबला की इंजिन ओढते आणि पंख आपोआप आपले काम करतो.

पाय पायाच्या जागी होता.

“इंजिनाचा आवाज जरा वेगळा येतोय,” हेल्मेटमधल्या माइकवर तो म्हणाला.

“इंजिनाचा नाही, तुमच्या दातांचा येतोय,” कानात सासूबाईंचे उत्तर आले.

बरगड्यांना दोन्ही बाजूंनी टेकलेले गुडघे हलले नाहीत. त्यांना सगळे कळत होते. त्याचे अंग थेट त्या गुडघ्यांत थरथरत होते, आणि टेबलावर घ्यायच्या आधीची थरथर कशी असते हे सासूबाईंना कुणी शिकवायला नको होते.

“कधीपासून?” त्यांनी विचारले. आवाज पेशंटला विचारावा तसा.

“वर्ष झालं.”

“तिला माहीत आहे?”

“नाही.”

इंजिन फटफटत राहिले. लांबवर बायको मोबाइल धरून उभी होती. एवढी लहान दिसत होती, की वर गेल्यावर यापेक्षा काय वेगळे दिसले असते.

“मला एक मिनिट द्या, आई. करतो मी.”

“हात थरथरणाऱ्या सर्जनला मी टेबलापाशी कधी उभं राहू दिलं नाही. वळवा.”

“पण तिला काय सांगायचं?”

“तुम्ही काही सांगू नका. ते तुम्हाला जमतंच आहे.”

त्याने ट्राइक वळवला. शेड जवळ येऊ लागली तसे मागच्या सीटवरून सासूबाईंनी दोन्ही हात वर केले आणि बुडणाऱ्या माणसासारखे हलवायला सुरुवात केली. इंजिन बंद झाले तेव्हा त्या अगदी कण्हत होत्या.

“नको गं बाई. उतरवा मला. माझ्या पोटात गोळा आला.”

“आई? तू घाबरलीस?” बायकोला आधी काळजी वाटली आणि मग हसू आवरेना. “अगं, चाकं जमिनीवरच होती.”

“चाकं असतील. माझा जीव नव्हता. जावईबापू बिचारे निघाले होते. मीच म्हटलं, वळवा.”

डॉक्टरही हसले. “मावशी, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती हं.”

सगळे पान्याकडे बघत होते. बोलायला हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलेही.

“जावईबापू, पाणी आणा जरा,” सासूबाई म्हणाल्या.

आणि तो पाणी आणायला गेला. शेडमध्ये माठाशेजारी तीन स्वच्छ पेले होते. त्यातला एक त्याने विसळला, पुसला, पुन्हा विसळला. बाहेरचे हसणे थांबेपर्यंत तो पेला काही स्वच्छ झाला नाही.

घरी परतल्यावर बायको आंघोळीला गेली तेव्हा त्याने सासूबाईंना गाठले. “आई, का केलंत हे?”

त्या पँटचा पट्टा सोडवत होत्या. “माझी लेक तुमच्याकडे मान वर करून बघते. आता या वयात मान खाली घ्यायची म्हणजे अवघड जातं.”

“पण तुम्हाला उगाच सगळे हसतायत.”

“हसू देत. मला कोणी भित्री म्हटलं तर मला गंमत वाटते. तुम्हाला म्हटलं तर तुम्ही ते खरं धराल.” मग म्हणाल्या, “वाटलं तर तुम्हीच सांगा तिला. सवडीनं.”

सवड झाली नाही. डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला, की मावशींना माझ्याबरोबर पाठव, अलगद फिरवून आणतो. सासूबाईंनी दोन्ही वेळा हात जोडले. डॉक्टरांबरोबर त्या हसतखेळत उडाल्या असत्या तर पहिल्या दिवशी कोण घाबरले होते हा प्रश्न उरला असता. हे पान्याला समजत होते. बायको म्हणायची, “आईनं जन्मात कशाला नाही म्हटलं नव्हतं.” तो म्हणायचा, “हं.”

व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरला. पहिल्यांदा त्यावर नुसते हसणे झाले, मग सल्ले सुरू झाले. परगावच्या मेहुण्याने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

“आई, ते हात हलवलेले बघितले मी. हसण्यावारी नेऊ नकोस. तुझं वय झालंय. आता ती स्कूटर बंद.”

सासूबाई लेकीकडेच राहत आणि अजूनही स्कूटरने फिरत. भाजी, बँक, जुन्या मैत्रिणी, आणि थिएटरमधल्या नव्या नर्स काही विचारायला बोलावत ते. स्कूटरवर त्या बसल्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होत.

“स्कूटरचा काय संबंध?” त्या म्हणाल्या.

“जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात तुला भोवळ येते. भर रस्त्यात आली तर? ताई, तू सांग तिला.”

“बरोबर आहे त्याचं,” बायको म्हणाली. “मलाही त्या दिवसापासून धाकधूक वाटते.”

पाना खुर्चीवरून पुढे सरकला. “खरं म्हणजे, त्या दिवशी आई...”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले. अडवायला नव्हे. त्या नुसत्या वाट पाहत होत्या. इतका वेळ त्यांनी आयुष्यात कुठल्या डॉक्टरला दिला नसेल.

बायकोही बघत होती, मान जराशी वर करून.

“...त्या दिवशी आईंना खरंच त्रास झाला,” पाना म्हणाला.

“बघ,” फोनमधून मेहुणा म्हणाला. “भावजी समोर होते.”

सासूबाईंनी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली, लेकीच्या हातात दिली आणि फोनवर मुलाला नातवाच्या खोकल्याचे विचारू लागल्या. किल्ली लेकीकडून नवऱ्याकडे आली. “तुम्हीच ठेवा. तुमच्याकडे राहिली तर गंजायची तरी नाही.”

गंजली नाही. पाना दर रविवारी मैदानावर जायच्याऐवजी खाली पार्किंगमध्ये बसू लागला. त्याने स्कूटरचे तेल बदलले, ब्रेकची तार नवी घातली, आरसे पुसले. बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवू लागला.

अशाच एका रविवारी स्कूटर जागच्या जागी फटफटत असताना सासूबाई पिशवी घेऊन जिन्यावरून आल्या. बरोबर लेक होती. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

“प्लग साफ केलात वाटतं.”

“हो.”

“छान वाजतेय.”

पान्याने मान खाली घातली आणि आधीच पुसलेला आरसा पुसायला घेतला.

“आई, सांभाळून हं, पायरी आहे,” लेक म्हणाली.

“दिसतेय गं,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी लेकीचा दंड धरला आणि ती एवढीशी पायरी, आधी एक पाय, मग दुसरा, अशी उतरल्या.