उखाण्यांची वही

परंड्याच्या बसस्थानकामागं, पिठाच्या गिरणीला पाठ लावून असलेल्या त्या घरात अर्पिता आणि तिचा दादा रणधीर यांच्या खोल्यांमध्ये नुसती प्लायवुडची पोकळ भिंत होती, आणि अर्पिताला ती कधी भिंत वाटलीच नव्हती. ती कविता पाठ करताना अडखळली की पलीकडून पुढची ओळ यायची. मग फाल्गुनात राजेश्वरीवहिनी लग्न होऊन घरी आली, आणि त्याच भिंतीतून पुढच्या ओळीऐवजी दबकं हसू येऊ लागलं.

वहिनीजवळ निळ्या कव्हराची एक वही होती. तिनं स्वतः रचलेल्या उखाण्यांची. एरवी ती दादाला 'अहो' म्हणायची, त्याचं नाव घ्यायची ते फक्त उखाण्यात. पण दुपारी खोलीत एकटी असली की ती हलक्या आवाजात वही वाचायची, आणि दर दोन ओळींनी ते नाव यायचं, सावकाश, जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखं. अर्पिता भिंतीच्या अलीकडं पुस्तक उघडून बसलेली असायची. दादाचं नाव इतक्या वेळा घेण्याचा हक्क दोन महिन्यांत कुणाला कसा मिळतो, हे तिला कळत नव्हतं.

वैशाखात दादानं पुण्याहून शिकून आणलेला धंदा आपल्याच घरापासून सुरू केला. रद्दी यंत्रात कापसासारखी पिंजायची, आग आणि वाळवी लागू नये म्हणून तिच्यात टाकणखार मिसळायचा, आणि जाड नळीतून हवेच्या जोरानं तो भुसा पोकळ भिंतीत ठासून भरायचा. मग ऊन आत येत नाही आणि आवाज आरपार जात नाही. गिरणीच्या धडधडीनं राजेश्वरीचं डोकं दुखतं, असं त्यानं आईला सांगितलं. दहावीचं अख्खं वर्ष ती गिरणी अर्पिताच्या कानाशी धडधडत होती, तेव्हा कुणाला भिंत भरायचं सुचलं नव्हतं.

"पूर्वी रद्दीवर भेळ खायचो," शेजारच्या शिवकांताकाकू म्हणाल्या, "आता तुमची भिंतच रद्दी खायली म्हणा की."

रद्दीच्या पिना काढून कागद यंत्रात टाकायचं काम अर्पिताकडं होतं. गिरणीकडची भिंत आणि पत्र्याखालचं छत भरून झालं, आणि दोन खोल्यांमधली भिंत तेवढी उरली. त्या दिवशी वहिनी न्हाणीत असताना अर्पितानं फळीवरची निळी वही उचलली, पहिलं पान तेवढं पाहिलं, आणि दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये घालून ती यंत्रात सोडली. यंत्राचा आवाजसुद्धा बदलला नाही. संध्याकाळपर्यंत दादानं भिंत भरली, भोकं बुजवली, वर रंग दिला. अर्पितानं भिंतीला कान लावून पाहिला. काहीच नव्हतं. तिला बरं वाटलं.

वहिनीनं वही दोन दिवस शोधली आणि मग शोधायचं सोडून दिलं. बहुतेक उखाणे पाठच होते.

खोली झाली म्हणून सत्यनारायण घातला. बायकांनी आग्रह केला तशी वहिनी पदर सावरत उभी राहिली.

"परंड्याच्या किल्ल्यावर तोफांची रांग, ...रावांचं नाव घेते, अजून काय ते सांग."

बायका हसल्या. अर्पिता हसली नाही, कारण मध्ये जिथं नाव होतं तिथं तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. वहिनीचे ओठ हलले होते. आवाज तेवढा कुणी चिमटीनं उचलून घेतल्यासारखा गेला होता. वहिनी अडखळली असेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण थोड्या वेळानं आईनं प्रसाद वाटायला दादाला हाक मारली, आणि आईचे ओठ तसेच मुके हलले. दादा मात्र "आलो" म्हणत उठला.

दुसऱ्या दिवशी ईट गावचे एक गृहस्थ दारात आले आणि कागदाची भिंत करणारे इथंच राहतात का, म्हणून विचारू लागले. इथंच राहतात, माझा भाऊ, असं म्हणून अर्पितानं दादाचं नाव सांगितलं. जीभ टाळूला लागली, दातांना लागली, सुटली; तिच्या स्वतःच्या कानांपर्यंत काही आलं नाही.

"व्हय, तेच," ते गृहस्थ म्हणाले.

ती खोलीत गेली आणि बाहेर ऊन असूनही गार पडलेल्या त्या मधल्या भिंतीवर तिनं गाल टेकला. आत, हाताच्या अंतरावर, वहिनीच्या सावकाश आवाजात कुणीतरी तिच्या दादाचं नाव घेत होतं. पुन्हा पुन्हा, न थांबता. वहिनी तेव्हा अंगणात पापड वाळत घालत होती.

त्यानंतर अर्पिता दुपारभर भिंतीपाशी बसू लागली. घरात ते नाव तिला दुसरीकडं कुठंच मिळत नव्हतं. दादाशी बोलणं कमी झालं. त्याच्याकडं पाहिलं की हा कोण, हे क्षणभर आठवावं लागे.

एकदा वहिनी तिच्या शेजारी येऊन टेकली. तिच्या मांडीवर घडी केलेली जांभळी ओढणी होती.

"वही सापडंना, ताई," ती म्हणाली. "ह्यांचे सगळे पाठ हायत मला. पण शेवटच्या पानावर एक तुमचा होता. पूजेत तोच आधी घेणार होते आणि ही ओढणी देणार होते. तेवढाच आठवंना बघा."

अर्पितानं ओढणी घेतली. शेवटचं पान तिनं उघडलंच नव्हतं. सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीनं उठता उठता मागं वळून तिच्याकडं पाहिलं आणि तिच्या नावानं हाक मारली. ओठ तीनदा हलले. आवाज आला नाही. दारातून दादानं मारली, स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि तिनंही मारली. तिघं तिच्याकडं बघत होते, आणि तिघांचे ओठ तसेच मुके, तीन-तीनदा हलत होते.

तिच्या पाठीमागं, गार भिंतीच्या आत, वहिनीचा आवाज लाडानं म्हणत होता, "कैरीच्या डाळीला मोहरीची फोडणी, अर्पिता माझी नणंद, तिला जांभळी ओढणी."