एकशे बारा घरांची वही

देवराव पाळकांनी निवृत्तीची तयारी दोन वर्षं आधीच सुरू केली होती. मागचे पाळक गेले तेव्हा त्यांच्या जागेवरून चर्चच्या मंडळीत दोन तट पडून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. ती नाचक्की पुन्हा नको, म्हणून १९७२ साली त्यांनी पंचांची बैठक घेतली, सेमिनरीतून धर्मशिक्षण घेऊन आलेला विश्वनाथ पुढचा पाळक म्हणून मुक्रर केला आणि त्यानं कोणाकडून काय समजून घ्यायचं याची यादी केली. यादीत पहिलं नाव तुळसाबाईचं होतं.

तुळसाबाई मंडळीची बायबलबाई. नवरा वारल्यापासून सव्वीस वर्षं ती छत्री आणि पवित्र शास्त्र घेऊन सक्करदऱ्यापासून अजनीच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत घरोघर प्रार्थनेला हिंडत होती. कोण आजारी, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाकडे चहा नाकारला की राग येतो, सगळं तिला पाठ. पाळकांच्या उपदेशानं लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण कोणाचं कुठं दुखतं हे आदल्या दिवशी तिनंच त्यांच्या कानावर घातलेलं असायचं.

"बाई, हे सारं तुमच्या डोक्यात हाय," देवराव तिला म्हणाले. "नव्या माणसाले कोण सांगन? एका वहीत लिहून द्या. अन् या खेपी तुमचं नाव मी पंचांत घालतो."

पंचांच्या बाकावर आजवर एकही बाई बसली नव्हती. तुळसाबाईनं बैठकीत चहा नेऊन देताना तो बाक तेवढा पाहिला होता. त्या बाकासाठी तिनं उन्हाळाभर लिहिलं, घराला एक पान, हातचं काही न राखता. कांताबाई: गुडघे धरलेत, खाली बसवू नये. मुलाचा विषय काढू नये. रुपराव मास्तर: नऊ वर्षं चर्चवर रुसलेत. कारण विचारू नये, नुसतं बसावं. मग विश्वनाथला सोबत घेऊन तिनं एकेक दार दाखवलं.

देवरावांच्या निरोपाच्या रविवारी पुरीभाजीचा बेतही तिनंच ठरवला होता. उपासनेनंतर नव्या पंचांची नावं वाचली गेली. पाचही पुरुष. मग देवराव म्हणाले, आज आपण तुळसाबाईंनाही विश्रांती देत आहोत, आणि तिच्या खांद्यांवर शाल पडली. टाळ्या वाजल्या. दोन वर्षं त्या माणसानं ताकास तूर लागू दिली नव्हती. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं तर वैद्यानं आधी आपली सगळी औषधं लिहून दिली होती.

हात धुवायच्या नळापाशी तिनं त्यांना गाठलं. "साहेब, माह्या नावाचं काय झालं?"

"पंच नाही म्हणाले, बाई. जाता जाता वाद कशाले? तुमी थकल्या बी आता."

"मी थकली म्हून मले कोणी विचारलं काय?"

देवराव खाली बघून चप्पल शोधू लागले. तुळसाबाईला इतका संताप आला, की जेवणानंतरच्या शेवटच्या प्रार्थनेला 'आमेन' तिच्या तोंडून निघालं नाही.

विश्वनाथनं मात्र नाव काढलं. कांताबाईला तो खुर्ची द्यायचा, रुपराव मास्तरांकडे तासभर मुकाट बसला आणि मास्तर नऊ वर्षांनी चर्चमध्ये आले. देवमाणूस आहे, लोक म्हणायचे. तुळसाबाई ऐकायची आणि सोमवारी, घरभेटीच्या दिवशी, दोन कप धुऊन ठेवायची. तो आला नाही. डिसेंबरात ती तीन आठवडे तापानं अंथरुणात होती, तेव्हाही नाही.

नाताळला चर्चच्या दारात तो भेटला. "सलाम, बाई. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाही?"

"तापानं पडली होती. तुमी काहून नाही आले?"

विश्वनाथ खरंच गोंधळला. त्यानं झोळीतून वही काढली. हाताळून हाताळून तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. "मी तुमच्या वहीप्रमाणंच फिरतो, बाई. दोनदा सारी घरं झाली. तुमचं पान नाही यात."

तुळसाबाईनं वही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. एकशे बारा घरं, अक्षर तिचंच. आपलं घर लिहायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण घरोघर जाणारी तीच होती.