दोन बोटं वर

“हात काढा,” दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

स्थिररावांनी हात काढला. ट्रायपॉडवरचा कॅमेरा होता तसा राहिला, निदान तसं वाटलं. बाईंनी त्यांना खांद्याने जरा बाजूला केलं, वाकून कॅमेऱ्याला डोळा लावला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक लाकडी फूटपट्टी उभी ठोकलेली होती. कॅमेऱ्यातली मधली फुली विसाच्या आकड्यावर आणायची, स्क्रू आवळायचा, हात काढायचा आणि फुली कुठे जाते ते बघायचं, अशी बाईंची परीक्षा होती. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ही परीक्षा झाल्याशिवाय त्या बॉल हेड हातात देत नसत.

“एकोणीस,” त्या म्हणाल्या. “हे नको तुम्हाला. दिसायला गोजिरवाणं आहे, पण कॅमेरा जड असला की मान टाकतं.”

बॉल हेड म्हणजे तशी काही मोठी गोष्ट नाही. ट्रायपॉडचे तीन पाय आणि वरचा कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा एक सांधा. त्यात लिंबाएवढा धातूचा गोळा असतो. स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो, आवळला की जागच्या जागी थांबतो. थांबावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पण एवढीशी अपेक्षा पुरी करणारे जगात फार कमी, असं बाईंचं ठाम मत होतं आणि त्यात त्या स्वतःच्या नवऱ्यालाही धरत.

“दुसरं लावते,” असं म्हणून त्यांनी पहिलं काढलं.

स्थिरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गेली एकोणीस वर्षं ते त्वचारोगाच्या दवाखान्यात फोटो काढत होते. त्याच रोग्याच्या त्याच डागाचा दर महिन्याला एक फोटो, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांनी ठरवायचं, डाग पसरला, थांबला की मागे सरला. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ते न चुकता ‘स्थिर राहा’ म्हणत. कुठल्याशा नर्सबाईने यावरून त्यांना स्थिरराव म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं नाव वाचून शिपाई एकदा म्हणाला होता, “हे कोण नवीन?” त्यांची बायकोसुद्धा चिडली की त्यांना स्थिरराव म्हणायची.

परवा मात्र डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. वयाने त्या त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी पडद्यावर एकामागून एक फोटो लावले. प्रत्येकात डाग चौकटीच्या वरच्या काठाला जाऊन चिकटलेला. काहींत तर अर्धा कापला गेलेला.

“पाच महिने असंच येतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “टेलिफोनवाल्या आजींचं बघा. कपाळाच्या कडेचा डाग. वरची कडा तीन फोटोंत दिसतच नाहीये. थांबलाय की वर सरकलाय, मी कसं सांगू? गोळ्या बंद करायची हिंमत होत नाही माझी. आणि त्या गोळ्यांनी त्यांच्या पोटाची पार वाट लागलीये.”

स्थिरराव पडद्याकडे बघत राहिले.

“ते खालचं बॉल हेड खराब झालं असणार. नवीन घेऊन या, मंजुरी मी देते. पण काका, तरीही फोटो असेच आले, तर मला तुम्हाला नोंदणीच्या खिडकीवर बसवावं लागेल. मला आवडणार नाही ते.”

“बरं,” ते म्हणाले.

आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. वाटलं मात्र काही नाही. पाच महिने असंच चाललं होतं. सकाळी दात घासलेत की नाही, हे ब्रश ओला आहे का ते चाचपून ठरवावं लागे. मुलगी रोज दुपारी फोन करायची. “बाबा, जेवलात?” “हो.” “काय जेवलात?” या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी एक कायमचं उत्तर करून ठेवलं होतं, ‘कालचंच.’ मुलगी गप्प व्हायची. तिच्या गप्प होण्याचंही त्यांना काही वाटत नसे. अंगावरून गाडी गेलेल्या माणसाने आपला पाय कुठे पडलाय ते लांबून बघावं, तसे ते स्वतःकडे बघत होते.

दुसऱ्या बॉल हेडने आणखी वेगळी तऱ्हा केली. स्क्रू आवळता आवळता शेवटच्या वेढ्याला त्याने कॅमेऱ्याला बाजूला हिसका दिला. बाईंनी ते खोक्यात परत ठेवलं आणि मागच्या फळीवरून तिसरं काढलं. ते काळं, बोजड होतं आणि त्याला दोन स्क्रू होते.

“हा मोठा, आवळायचा,” बाई म्हणाल्या. “आणि हा बारका, गोळ्याला नुसता धरून ठेवायचा. म्हणजे मोठा सैल असला तरी कॅमेरा धाडकन कोसळत नाही. देखणं नाहीये, पण इमानी आहे. लावा वीसवर.”

स्थिररावांनी लावलं, आवळलं, हात काढला. बाईंनी पाहिलं. मग काउंटरवर दोनदा मूठ आपटून पुन्हा पाहिलं.

“वीस,” त्या म्हणाल्या. “विसाला वीसच. हेच घ्या. आता ते जुनं आणलंय का? दाखवा. नुसता गोळा घासला असेल तर साफ करून देते, अडीअडचणीला राहील.”

“एकोणीस वर्षांचं आहे,” म्हणत स्थिररावांनी पिशवीतून जुनं काढलं. बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, गोळा अंगठ्याने फिरवला, कापडाने पुसला आणि ट्रायपॉडवर चढवलं. “वीस.”

त्यांनी वीसवर लावलं. हात काढला.

“सतरा,” बाई म्हणाल्या. “पुन्हा.”

पुन्हा सतराच. बाईंनी स्क्रू पूर्ण काढला, आत विजेरीने पाहिलं, परत बसवला. तिसऱ्यांदाही फुली येऊन थांबली ती सतरावर.

“अहो, हे बिघडलेलं नाहीये,” त्या म्हणाल्या. “गोळ्यावर एक ओरखडा नाही. याची घडणच अशी आहे. पहिल्या दिवसापासून हे तीन आकडे खाली येत असणार. तुम्ही एकोणीस वर्षं यावर फोटो काढलेत?”

“हो.”

“सरळ यायचे?”

“यायचे.”

“कसे काय?”

उत्तराआधी स्थिररावांचा हात उठला. त्यांनी स्क्रू सैल केला, डावा हात कॅमेऱ्याखाली धरला, कॅमेरा जरासा वर उचलला, दोन बोटं म्हणा, आणि आवळला. मग डावा हात हलकेच खाली घेत घेत काढला. कॅमेऱ्याने मान झुकवली आणि तो थांबला.

बाईंनी डोळा लावला. “वीस,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. “चांगलाच हात बसलाय की तुमचा. मग आता बिघडलं काय?”

हा प्रश्न बाईंनी अगदी साधेपणाने, हिशोब जुळत नाही म्हणून विचारला होता. स्थिररावांना मात्र तो लागला. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं, त्यामुळे नेमकं कुठे ते त्यांना लगेच कळेना.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची डावी बाजू गेली. बोलणं अर्धं राहिलं, मान धरेना. संध्याकाळी ते तिला खिडकीशी आरामखुर्चीत बसवत, मानेखाली उशी देत. पहिले काही दिवस डोकं नीट मध्यावर ठेवून ते चहा टाकायला जात आणि येऊन बघत तर डोकं डावीकडे घसरलेलं, आणि खिडकीच्या जागी तिच्या डोळ्यांसमोर नुसती भिंत. मग एक दिवस त्यांच्या हाताला आपोआप सुचलं. उशी दोन बोटं वर, जरा उजवीकडे. डोकं हळूहळू खाली यायचं आणि बरोबर मध्यावर येऊन थांबायचं. रस्ता दिसायचा. दवाखान्यात कॅमेऱ्याने शिकवलेलं ते घरी घेऊन आले होते. बायकोच्या ते ध्यानात आलं होतं. उशी लावून झाली की ती अर्ध्या तोंडाने हसून विचारायची, “स्थिर राहू?”

पाच महिन्यांपूर्वी, त्या दिवशीही त्यांनी उशी दोन बोटं वर लावली आणि ते चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा डोकं खाली येऊन अगदी मध्यावर थांबलेलं होतं. इतकं नेमकं की त्यांना बरं वाटलं. “हां, आता बरोबर,” ते म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप तिच्या उजव्या हाताशी धरला. कप धरायला हात आला नाही.

त्यानंतर त्यांनी काहीच दोन बोटं वर धरलं नव्हतं. ठरवून नव्हे, हाताने सोडून दिलं होतं, आणि त्यांना ते आज, या दुकानात, फूटपट्टीसमोर कळत होतं.

“घरी आजारपण होतं,” ते म्हणाले.

“अस्सं. आता बरंय?”

“आता नाहीये.”

बाईंना ते लगेच कळलं. त्यांनी सांत्वनाचं काही बोलून दाखवलं नाही, ही त्यांची कृपा. जुनं बॉल हेड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवलं, नव्याचे दोन्ही स्क्रू एकदा सैल करून आवळून पाहिले आणि म्हणाल्या, “याला वर धरायची गरज नाही. जिथे लावाल तिथे राहील. सवय जायला दिवस लागतील थोडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थिररावांनी नवीन बॉल हेड चढवलं. डॉक्टरबाई येऊन बघून गेल्या. “म्हणजे तेच खराब होतं तर,” त्या म्हणाल्या. त्यांचा सूर असा होता की विषय इथे संपावा. स्थिररावांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सगळा दोष वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेलाच होता.

“नाही मॅडम,” ते म्हणाले. “ते पहिल्यापासूनच तसं होतं. मी वर धरायचो. मध्यंतरी धरायचं राहून गेलं.”

डॉक्टरबाई दारात थांबल्या.

“आजींच्या गोळ्या माझ्यामुळे चालू राहिल्या,” स्थिरराव म्हणाले. “खिडकीवर बसवायचं असेल तर बसवा. पण आजचा त्यांचा फोटो मला काढू द्या.”

डॉक्टरबाईंनी गळ्यातली ओळखपत्राची पट्टी सारखी केली. “आजी बाहेर बसल्यात,” त्या म्हणाल्या. “पाठवते.”

टेलिफोनवाल्या आजी म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे त्यांना गप्प बसण्याचा आता कंटाळा येई. खुर्चीत बसता बसताच त्यांनी पोटाची तक्रार सांगितली, सुनेची सांगितली आणि आज गोळ्या बंद झाल्या नाहीत तर आपण त्या कुंडीत टाकणार आहोत, हेही सांगितलं. मग त्यांनी केस मागे घेतले आणि कपाळाची कड पुढे केली.

स्थिररावांनी स्क्रू सैल केला. बारक्या स्क्रूने गोळा धरून ठेवला होता. त्यांनी डाग चौकटीच्या मध्यावर आणला आणि मोठा स्क्रू आवळला. आत काहीतरी घट्ट बसल्याचं बोटांना कळलं.

आजी बघत होत्या. “भाऊ, तो हात काढा की. पडणार आहे का तो कॅमेरा?”

स्थिररावांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा हात कॅमेऱ्याखाली होता.

“नाही,” ते म्हणाले. “हा नाही पडत.” आणि त्यांनी हात काढून खिशात घातला.

त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. डाग जिथे ठेवला होता तिथेच होता. ते वाट बघत राहिले. काही खाली आलं नाही.

“स्थिर राहू?” आजींनी विचारलं.

दर महिन्याला तेच ऐकून त्यांच्या तोंडात ते बसलं असणार, त्यात विशेष काही नव्हतं. स्थिररावांनी मात्र कॅमेऱ्यावरचा डोळा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“थोडाच वेळ,” ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

पाच महिन्यांत आज पहिल्यांदा त्यांनी काढलेला फोटो लगेच पडद्यावर नीट पाहिला. डाग बरोबर मध्यावर होता, चारी बाजूंनी मोकळी कातडी. त्यांनी आठ महिन्यांपूर्वीचा, नीट आलेला फोटो शोधून शेजारी लावला. वरची कडा होती तिथेच थांबलेली होती, केसभरही वर गेलेली नव्हती. आता डॉक्टरबाई गोळ्या बंद करू शकतील.

“झालं? हलू आता?” आजी म्हणाल्या.

“हला,” ते म्हणाले. “चांगलं आहे, आजी. थांबलाय.”

आजी उठल्या, केस सारखे केले आणि बोलत बोलत डॉक्टरबाईंच्या खोलीकडे गेल्या. खुर्ची रिकामी झाली. स्थिरराव पुढच्या रोग्याचा कागद घ्यायला वळले तेव्हा त्यांना दिसलं, डावा हात खिशात नव्हता. तो परत कॅमेऱ्याखाली जाऊन थांबला होता, तळवा वर करून, कॅमेऱ्याला न टेकता, त्याच्यापासून दोन बोटं खाली. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि उजव्या हाताने कागद उचलला.