सरपंचबाईंची सही

गुणवंतने सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या कोपऱ्यावर बायकोची सही करून पाहिली. पहिल्याच फटक्यात जमली. ‘सु’चा उकार तिच्यासारखाच खाली लांब गेला, शेवटची वेलांटी वर वळली. सुहासिनी वारली त्याला तीन महिने झाले होते.

समोर बेरीवान बसली होती. दुबईजवळच्या अजमानमधल्या याच इमारतीत खाली शिवणकाम करणारी, सीरियातल्या कामिश्लीची कुर्द बाई. तिने आणलेलं पत्र टेबलावर होतं. उत्तर सीरियातल्या कुर्दांना आपला कारभार आपण चालवू द्यावा, एवढंच त्यात लिहिलं होतं. खाली देशोदेशीच्या लोकांची नावं, कामधंदा, सह्या. वर्षभर जमत होत्या. मधलीच एक ओळ कोरी होती.

“ये लाइन दीदी की है,” बेरीवान म्हणाली. “वो बोली थी, मेरी जगह रख. मैंने रखी. कल भेजना है, खलास.”

ओळ कोरी का, ते गुणवंतला ठाऊक होतं. मागच्या रमजानात सुहासिनी याच टेबलाशी पेन घेऊन बसली होती. त्यानेच ते काढून घेतलं.

“आपला व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. कुठल्या कोण लोकांचं राज्य, तुला काय त्याचं?”

“राज्य नाही हो, गावाचा कारभार. बेरीवान सांगत होती, तिथं अध्यक्षाच्या दोन खुर्च्या असतात. एक बाप्याची, एक बाईची.” मग ती हसली होती. “आपल्या गावात एकच होती. तीही तुम्हीच उबवलीत.”

चिपळूणकडच्या त्यांच्या गावात ती पाच वर्षं सरपंच होती. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून त्यानेच तिला उभी केली. निवडून आल्यावर खुर्चीत तो बसला. ग्रामसेवक “सरपंचबाई, इथं सही” म्हणत कागद गुणवंतपुढे सरकवायचा आणि दोघं हसायचे. सुहासिनी चहा पाठवायची. नळयोजनेसाठी ती घरोघर फिरली, बायकांना सभेला आणलं. त्या ठरावावर तरी मला सही करू द्या, असं एकदा म्हणाली. तोवर त्याने तिच्या नावाने करून टाकली होती.

“भाई, तुम कर दो उसके नाम से,” बेरीवान हळू आवाजात म्हणाली. “किसको पता चलेगा?”

कुणालाच नाही. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

त्याने पेन कोऱ्या ओळीवर टेकवलं. हात आपणहून ‘सु’कडे निघाला. त्याने तो थांबवला. कागदावर शाईचा ठिपका तेवढा उमटला.

“उसकी मैं नहीं करेगा.”

बेरीवानने पत्र घ्यायला हात पुढे केला. “समझती हूँ, भाई. तुम्हारा वीज़ा, काम...”

“रुको.”

त्याने कागद ओढून घेतला. सगळ्यांत खाली, शेवटच्या नावाखाली, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सही केली. कामधंद्याच्या रकान्यापाशी अडला. वर कुणी शिक्षिका होती, कुणी नर्स, कुणी वकील. तो वर्कशॉपमध्ये फोरमन होता. जरा वेळाने त्याने लिहिलं: सरपंच सुहासिनी यांचा नवरा.

बेरीवानला मराठी वाचता येत नव्हतं. तिने कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“और ये?”

“रहने दो,” गुणवंत म्हणाला. “उधर दूसरे का हाथ नहीं चलेगा.”